त्याच खुर्चीतले दोन फादर

आपल्या मंडळातल्या ज्या घरांत मुलगा किंवा मुलगी यंदा बारावीत आहे, तिथे सध्या चकल्या-करंज्यांपेक्षा कॉलेजच्या अर्जांचीच चर्चा जास्त चालू असणार. त्या याद्यांमध्ये जॉर्जटाउन, फोर्डहॅम, बॉस्टन कॉलेज यांपैकी एखादे नाव हमखास असते. मग कोणीतरी विचारते, "हे जेझुइट म्हणजे नक्की काय हो?" खरे तर हा शब्द आपल्याला परका वाटायचे कारण नाही. तुमच्यापैकी कित्येकांचे आईवडील मुंबईच्या ज्या सेंट झेवियर्स कॉलेजात शिकले, ते १८६९ साली जेझुइटांनीच काढले. त्याच्याही अडीचशे वर्षे आधी फादर थॉमस स्टीफन्स हा इंग्रज जेझुइट गोव्यात बसून मराठीत हजारो ओव्यांचे 'क्रिस्तपुराण' लिहीत होता. ते १६१६ मध्ये रायतूरला छापले गेले.

जेझुइट हा कॅथलिक धर्मगुरूंचा एक संघ. दारिद्र्य, ब्रह्मचर्य आणि आज्ञापालन ही त्यांची व्रते. त्यांतले आज्ञापालन इथे लक्षात ठेवा, कारण कोणी कुठल्या कॉलेजचा अध्यक्ष व्हायचे हे पूर्वी संघाचे वरिष्ठ ठरवत आणि शेवटचा शब्द रोमचा असे. सरकारी खात्यातल्या बदल्यांसारखाच हा प्रकार. आज इथे अध्यक्ष, उद्या तिथे शिक्षक, परवा आणखी कुठे. अध्यक्षाला स्वतःचा पगार नाही, घर नाही, वारस नाही. अशा माणसांच्या हातून संस्था उभ्या राहिल्या आणि अशाच माणसांच्या हातून काय काय घडले, हे सांगायला मी जॉर्जटाउनचे दोन अध्यक्ष निवडले आहेत. या विद्यापीठाने बिल क्लिंटन दिला, पॅट्रिक युइंग दिला, हे तुमच्या मुलांना माहीत असते. या दोघांविषयी मात्र त्यांनी ऐकलेले असेलच असे नाही.

पहिले फादर थॉमस मलेडी. १७८९ मध्ये जॉन कॅरल यांनी जॉर्जटाउनची स्थापना केली. अमेरिकेतले हे सर्वांत जुने कॅथलिक विद्यापीठ. मेरीलँडमध्ये जेझुइटांच्या मोठ्या शेतजमिनी होत्या आणि त्या जमिनी गुलाम कसत. कॉलेजला त्या उत्पन्नाचा आधार होता. मलेडी १८२९ मध्ये अध्यक्ष झाले. उमेदीचे, धडाडीचे, बांधकामाची हौस असलेले. इमारती झाल्या, कर्जही झाले. १८३७ मध्ये ते संघाचे मेरीलँडचे प्रांतप्रमुख झाले आणि अध्यक्षपदी फादर विल्यम मॅकशेरी आले. १९ जून १८३८ रोजी मलेडींनी एका करारावर सही केली. २७२ माणसे, किंमत १,१५,००० डॉलर्स, घेणारे लुइझियानाचे दोन जमीनदार.

भागाकार करून पाहिला तर माणशी सव्वाचारशे डॉलर्ससुद्धा पडत नाहीत. यादीत तान्ही बाळे होती, म्हातारी माणसे होती. बरीचशी माणसे स्वतः कॅथलिक होती. त्यांना विकणाऱ्या संघाच्याच पाद्र्यांनी त्यांचा बाप्तिस्मा केलेला. रोमहून संघप्रमुख यान रोथान यांनी विक्रीला परवानगी देताना अटी घातल्या होत्या. कुटुंबे तोडायची नाहीत, त्यांना धर्म पाळता आला पाहिजे, आणि येणारा पैसा कर्ज फेडायला वापरायचा नाही. कुटुंबे तुटली. पहिल्या हप्त्याच्या २५,००० डॉलर्सपैकी १७,००० कॉलेजच्या बांधकामाचे कर्ज फेडण्यात गेले. विकलेल्यांपैकी बहुतेकांना जहाजांत घालून दक्षिणेला नेले.

मलेडींना जाब द्यायला रोमला बोलावले गेले, प्रांतप्रमुखपद सोडावे लागले आणि त्यांची रवानगी फ्रान्सच्या बाजूला नीस इथे झाली. तिथेच ते राहिले असते तर हा लेख इथेच संपला असता. पण संघाला कॉलेज चालवू शकणारा माणूस हवा होता. १८४३ मध्ये मॅसॅच्युसेट्समधल्या वुस्टर इथे 'कॉलेज ऑफ द होली क्रॉस' सुरू झाले आणि त्याचे पहिले अध्यक्ष झाले फादर मलेडी.

आता जॉर्जिया राज्यात चला. मेकन गावाजवळ मायकेल हीली नावाचा आयरिश जमीनदार राहत होता. एलायझा ही त्याच्या मुलांची आई. ती गोऱ्या-काळ्या मिश्र वंशाची आणि कायद्याने त्याची गुलाम. कायदा असा, की आईचा दर्जा तोच मुलांचा. म्हणजे बाप मालक आणि मुले त्याच बापाची मालमत्ता. त्या राज्यात बापाला आपल्याच मुलांना स्वतःच्या मर्जीने मुक्त करता येत नव्हते, शाळेतही घालता येत नव्हते. म्हणून त्याने मुले उत्तरेला पाठवली. त्यांच्या शिक्षणाचा खर्च त्याच शेतावरच्या कापसातून निघत होता, म्हणजे इतर गुलामांच्या घामातून, हेही विसरू नये. १८४४ मध्ये हीली भावंडे होली क्रॉसमध्ये दाखल झाली. त्यांतला पॅट्रिक तेव्हा दहा वर्षांचा होता.

अध्यक्ष कोण, तर मलेडी. सहाच वर्षांपूर्वी ज्या हाताने २७२ माणसांच्या विक्रीवर सही केली, त्याच माणसाच्या कॉलेजात जॉर्जियाच्या कायद्याने गुलाम असलेली ही मुले बाकावर बसून लॅटिन शिकत होती. मी आयुष्यभर इतिहास वाचत आलो, पण या जागेवर आलो की आजही पुस्तक मिटून थोडा वेळ बसावे लागते. पुढच्याच वर्षी मलेडी पुन्हा जॉर्जटाउनचे अध्यक्ष होऊन गेले.

मुले हुशार निघाली. थोरला जेम्स पुढे पोर्टलंडचा बिशप झाला. एक भाऊ अलास्काच्या समुद्रात सरकारी जहाजाचा नामांकित कप्तान झाला. पॅट्रिक जेझुइट झाला. रंगाने उजळ, नाव आयरिश, त्यामुळे लोक त्याला आयरिशच समजत. तरी कुजबुज व्हायचीच. होली क्रॉसमध्ये शिकवत असताना विद्यार्थ्यांच्या शेऱ्यांनी जिव्हारी लागते, असे त्याने १८५३ मध्ये आपल्या गुरूंना पत्राने कळवले होते. मग संघाने त्याला युरोपात पाठवले. बेल्जियममधल्या लूव्हेन विद्यापीठात त्याने डॉक्टरेट मिळवली. आफ्रिकन वंशाच्या अमेरिकन माणसाने मिळवलेली ही पहिली पीएचडी मानली जाते.

१८६६ मध्ये फादर पॅट्रिक हीली जॉर्जटाउनला तत्त्वज्ञान शिकवायला आले. १८७३ मध्ये आधीचे अध्यक्ष वारले तेव्हा ते हंगामी अध्यक्ष झाले आणि ३१ जुलै १८७४ रोजी रीतसर पदावर बसले. एका कॉलेजचे त्यांनी आधुनिक विद्यापीठ केले, विज्ञान, वैद्यक आणि कायदा यांच्या शिक्षणाकडे लक्ष दिले. त्यांना तिथे 'दुसरे संस्थापक' म्हणतात. १८७७ मध्ये त्यांनी जी दगडी, उंच मनोऱ्याची इमारत सुरू केली, ती आज हीली हॉल म्हणून ओळखली जाते. तिचे वास्तुविशारद स्मिथमायर आणि पेल्झ, ज्यांनी पुढे लायब्ररी ऑफ काँग्रेसची इमारत केली. आधीच्या इमारतींचे तोंड पोटोमॅक नदीकडे होते. हीलींनी ते राजधानीच्या शहराकडे फिरवले. कर्ज त्यांनीही भरपूर केले, फेडताना संस्थेला पुढची कित्येक वर्षे घाम फुटला. पण या वेळी कोणी माणूस विकला गेला नाही. (मनोऱ्यावरच्या घड्याळाचे काटे चोरून पोपना पोस्टाने पाठवण्याचा विद्यार्थ्यांचा जुना उद्योग आहे. तो काही मुलांना सुचवायला सांगत नाही.)

हीलींच्या काळात जॉर्जटाउनमध्ये एकाही कृष्णवर्णीय विद्यार्थ्याला प्रवेश मिळाला नाही. ती दारे उघडायला विसावे शतक मध्यावर यावे लागले. स्वतः हीलींनी आपल्या आईच्या वंशाबद्दल जाहीरपणे कधी तोंड उघडले नाही. काही अभ्यासक त्यांना याचा दोष देतात. मला तो देववत नाही. नवीन माणूस भेटला की आडनाव विचारायचे, आडनावावरून गाव आणि गावावरून जात काढायची, ही चौकशी आपण सातासमुद्रापार घेऊन आलो आहोत. ती टाळण्यासाठी गप्प बसणारी, आडनाव बदलणारी माणसे तुम्ही पाहिली नाहीत का? १९५४ मध्ये अल्बर्ट फोली या जेझुइटाने बिशप जेम्स हीलींचे चरित्र लिहिले तेव्हा त्याच्या नावात 'आउटकास्ट' हाच शब्द घातला. आणि हेही पाहा: हीली जॉर्जटाउनच्या खुर्चीत बसले त्या १८७३ सालीच पुण्यात जोतीराव फुल्यांनी 'गुलामगिरी' प्रसिद्ध केली आणि ती गुलामांच्या मुक्तीसाठी झटलेल्या अमेरिकेतल्या सज्जनांना अर्पण केली. त्या क्षणी वॉशिंग्टनमध्ये जन्माने गुलाम असलेला एक माणूस विद्यापीठ चालवत होता. फुल्यांना ते कळले असते तर!

इतकी वर्षे हीलींच्या नावाची इमारत आणि मलेडींच्या नावाची इमारत एकाच आवारात उभ्या होत्या. २०१५ मध्ये मलेडी हॉल दुरुस्त करून मुलांना राहायला पुन्हा उघडला, तेव्हा विद्यार्थ्यांनी धरणे धरले आणि नाव उतरले. २०१७ मध्ये संघाने विकलेल्या माणसांच्या वंशजांसमोर माफी मागितली आणि इमारतीला आयझॅक हॉकिन्स यांचे नाव दिले. मॅकशेरींच्या नावाच्या इमारतीला अ‍ॅन मरी बेक्राफ्ट यांचे नाव मिळाले. जॉर्जटाउनमध्ये काळ्या मुलींसाठी शाळा काढणारी ही स्त्री पुढे जोगीण झाली. वंशजांना प्रवेशात माजी विद्यार्थ्यांच्या मुलांइतके प्राधान्य देण्याचे विद्यापीठाने ठरवले. २०१९ मध्ये विद्यार्थ्यांनी मतदान घेतले: दर सत्राला प्रत्येकाने २७ डॉलर २० सेंट वंशजांच्या निधीसाठी द्यावेत का? सुमारे दोन तृतीयांश मुलांनी हो म्हटले. विद्यापीठाने फी न लावता देणग्यांतून वर्षाला चार लाख डॉलर्स उभे करायचे ठरवले. माझे मत विचाराल तर मुलांचा मार्ग बरा होता. देणगी देणाऱ्याला कौतुक मिळते. फी भरणाऱ्याला फक्त पावती.

२००१ पासून त्या खुर्चीत फादर नाहीत. लिओ ओडोनोव्हन हे शेवटचे जेझुइट अध्यक्ष. त्यांच्यानंतर धर्मगुरू नसलेले जॉन डिजोया आले. फोर्डहॅममध्ये तर २०२२ पासून टानिया टेटलो या बाई अध्यक्ष आहेत.

मुलांना घेऊन जॉर्जटाउन पाहायला गेलात तर टूर देणारा विद्यार्थी तुम्हाला हीली हॉलसमोर नेईलच, फोटोही काढायला लावील. तिथून पुढे आयझॅक हॉकिन्स हॉलकडे चला आणि हा आयझॅक कोण, हे आपल्या मुलीला त्याला विचारू द्या. तो कोणी अध्यक्ष नव्हता, देणगीदारही नव्हता. १८३८ च्या विक्रीच्या यादीतले ते पहिले नाव. वय ६५.