‘जलबाला’ बुडवणारी यू-५३२

इंदापूर तालुक्यात, बारामतीपासून फार दूर नसलेल्या पर्जन्यछायेतील माळावर साखर कारखाना काढून वालचंदनगर वसवणाऱ्या वालचंद हिराचंद यांनी त्याआधीच, १९१९ मध्ये, सहकाऱ्यांसह सिंधिया स्टीम नॅव्हिगेशन ही जहाजकंपनी उभी केली होती. या कंपनीचे ३,६१० टनांचे (हे माप जहाजाच्या घनफळाचे, वजनाचे नव्हे) ‘जलबाला’ हे मालवाहू जहाज ११ ऑक्टोबर १९४३ रोजी मलबार किनाऱ्यासमोर यू-५३२ या जर्मन पाणबुडीने बुडवले.

हँबर्गमध्ये बांधलेली ही दूर पल्ल्याची पाणबुडी नोव्हेंबर १९४२ मध्ये ओट्टोहाइनरिश युंकर यांच्या हाताखाली नौदलात दाखल झाली. पृष्ठभागावर ती डिझेल इंजिनांवर चाले आणि पाण्याखाली, जिथे इंजिनांना हवा मिळत नाही तिथे, बॅटरीवरील विद्युत मोटारींवर. परंतु ताशी चार सागरी मैलांच्या संथ गतीनेही बॅटरीवर साठेक मैलच कापता येत, म्हणून डिझेल चालवून बॅटरी भारित करण्यासाठी तिला वारंवार, आणि शक्यतो रात्रीच, वर यावे लागे. तिला पाणबुडी म्हणण्यापेक्षा गरजेपुरती बुडी मारणारी आगबोट म्हणणेच अधिक रास्त ठरेल.

जुलै १९४३ मध्ये फ्रान्समधील लोरियाँ बंदरातून निघालेली यू-५३२ ‘मोन्सून’ गटात होती. नैर्ऋत्य मोसमी वाऱ्यांनी खवळलेला समुद्र शांत होताच हिंदी महासागरात अचानक हल्ला चढवायचा, असा या गटाचा बेत होता. इंदापूरचा शेतकरी ज्या पावसाकडे डोळे लावून बसतो, तो सरण्याची वाट जर्मन नौदल पाहत होते. गटातील अनेक पाणबुड्या वाटेतच नष्ट झाल्या. उरलेल्यांना मॉरिशसच्या दक्षिणेस ‘ब्राके’ या तेलवाहू जहाजाने सप्टेंबरमध्ये इंधन पुरवले, आणि या इंधनाच्या बळावरच यू-५३२ मलबारपर्यंत येऊन ऑक्टोबरअखेर जपानव्याप्त पेनांगला पोहोचू शकली. मार्च १९४४ मध्ये ब्रिटिशांमुळे ‘ब्राके’ बुडाले, तेव्हा पेनांगहून पुन्हा निघालेल्या यू-५३२ला मायदेशी जाण्याचा विचार सोडून पेनांगलाच परतावे लागले; टॉर्पेडोंपेक्षा तेलाचा हिशेबच तिचा मार्ग ठरवत होता.

१९४५ च्या आरंभी ती कथील, रबर, टंगस्टनचे खनिज आणि क्विनाइन घेऊन युरोपकडे निघाली. वाटेत अटलांटिकमध्ये तिने आणखी दोन जहाजे बुडवली, परंतु ती पोहोचण्यापूर्वीच जर्मनीचा पराभव झाल्याने मे महिन्यात ती मालासकट ब्रिटिशांना शरण गेली. ९ डिसेंबर १९४५ रोजी ब्रिटिश पाणबुडी ‘टॅन्टिव्ही’ने टॉर्पेडो सोडून तिला आयर्लंडच्या वायव्येस बुडवले.