नशेचा विषय घरात काढावा का?

‘मुलांसमोर दारू-ड्रग्जचा विषयच नको, नसतं ते डोक्यात शिरतं’ हा समज घरोघरी आहे. आपल्या मुलांपर्यंत यातलं काही पोचलेलं नाही, असं त्यात गृहीतच धरलेलं असतं. पण २०१९च्या जागतिक युवा तंबाखू सर्वेक्षणात भारतातल्या १३ ते १५ वयाच्या विद्यार्थ्यांपैकी ८.५ टक्के मुलं तंबाखू वापरत असल्याचं दिसलं. त्याच वर्षी प्रसिद्ध झालेल्या, दिल्लीच्या ‘एम्स’ने केंद्र सरकारसाठी केलेल्या पाहणीत हुंगण्याच्या पदार्थांचं प्रमाण मोठ्यांपेक्षा मुलांमध्ये जास्त निघालं, असा नशेचा तो एकच प्रकार होता. आईवडील धास्तावतात ते एमडी या ड्रगच्या बातम्या वाचून. दप्तरातला व्हाइटनर किंवा पंक्चरचं सोल्यूशन त्यांच्या खिजगणतीतही नसतं. आणि विषयाचं म्हणाल, तर गटारीचे विनोद घरातल्या व्हॉट्सॲपवर मुलांच्या देखतच फिरतात.

तरी पालकांची भीती अगदीच निराधार नाही. अमेरिकेत १९९८ ते २००४ या काळात किशोरांसाठीच्या ड्रग्जविरोधी जाहिरात मोहिमेला सुमारे एक अब्ज डॉलर मिळाले. मूल्यमापनात गांजाचा वापर कमी झाल्याचं दिसलं नाहीच, उलट मोहिमेनंतर काही मुलांचा कल गांजाकडे थोडा वाढल्याच्या खुणा आढळल्या. इतक्या जाहिराती पाहून ‘सगळेच ओढत असणार’ असं मुलांना वाटलं असावं, असा एक तर्क संशोधकांनी मांडला. घरातलं अर्ध्या तासाचं कीर्तनही याच जातीचं. एकाने बोलायचं, दुसऱ्याने मान खाली घालून ते संपायची वाट पाहायची. स्वीडनमध्ये स्टाटिन आणि कर या संशोधकांनी २०००मध्ये दाखवलं, की मुलं बाहेर काय करतात हे पालकांना कळतं ते मुख्यतः मुलांनी आपणहून सांगितल्यामुळे; पाळत आणि उलटतपासणी यांचा वाटा त्या मानाने कमी. मग बोलायचं ते माहिती ओतण्यासाठी नव्हे, मुलाने पुढच्या वेळी आपल्याला सांगावं यासाठी. ‘तुमच्या वर्गात व्हेप कोणाकडे असतं का?’ असं विचारल्यावर उत्तर ‘हो’ आलं आणि आपण लगेच मुख्याध्यापकांना फोन लावला, तर पुढचं उत्तर कायमचं ‘नाही’ असणार.

यावर हमखास आक्षेप येतो, की मग धाक उरला कुठे? पण ऐकून घेणं म्हणजे परवानगी देणं नव्हे. ‘बाहेर पिण्यापेक्षा आमच्यासमोर घोटभर घेतलेली बरी’ हा पुढारलेल्या घरांतला समज इथेच तपासायला हवा. ऑस्ट्रेलियात १,९२७ मुलांचा सहा वर्षं मागोवा घेतलेला अभ्यास २०१८मध्ये प्रसिद्ध झाला. ज्यांना घरून दारू मिळाली, ती मुलं पुढे बाहेरूनही मिळवण्याची आणि एका बैठकीत जास्त पिण्याची शक्यता वाढलेली दिसली. हा प्रयोग नव्हता, त्यामुळे अशा घरांत मुळातच काही वेगळं असेल ही शंका रास्त आहे. संशोधकांनी कुटुंबाशी निगडित अनेक घटक हिशेबात धरले, तरी संबंध टिकला. घरच्या घोटाने संरक्षण मिळाल्याचा पुरावा मात्र सापडला नाही. शिवाय बाल न्याय कायद्याच्या कलम ७७नुसार वैद्यकीय सल्ल्याविना मुलाला दारू किंवा तंबाखू देणाऱ्याला सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी होऊ शकते. त्यात आईवडिलांना वेगळी सूट नाही.

‘मी स्वतः घेतो, मग कोणत्या तोंडाने सांगू?’ हा प्रश्न त्याहून प्रामाणिक आहे. पण वयाचा फरक कायदाही करतो: महाराष्ट्रात कडक दारूसाठी २५ वर्षांची अट आहे. वाढत्या मेंदूसाठी वेगळा नियम लावण्यात दांभिकपणा नाही. मेंदूचा आवर घालणारा भाग विशीच्या मध्यापर्यंत घडत असतो. टपरीवरून सिगारेट आणायला मुलालाच पाठवणाऱ्या बापाने मात्र हा युक्तिवाद करू नये.

आणि मुलाने खरंच काही घेतल्याचं कळलं, तर पोलिसांच्या भीतीने ते दडपून ठेवण्याची गरज नाही. अंमली पदार्थ कायद्याच्याच कलम ६४अ मध्ये थोड्या प्रमाणात बाळगणाऱ्या व्यसनी व्यक्तीने स्वेच्छेने उपचार घेतल्यास खटल्यापासून संरक्षणाची तरतूद आहे. केंद्र सरकारच्या व्यसनमुक्ती हेल्पलाइनचा क्रमांक १४४४६ आहे. तिथे पालकांनाही फोन करता येतो.