सेनापती बदलताना

क्लबच्या मालकाने जुन्या प्रशिक्षकाला घरी बसविले, ही बातमी क्रीडापानावर चार ओळींत येते आणि दुसऱ्या दिवशी शिळी होते. ज्याचा पैसा त्याचा निर्णय, एवढ्यावर पुष्कळांचे समाधानही होते. आम्हांस मात्र हा प्रश्न इतका सोपा वाटत नाही. गावोगावच्या मैदानांवर ज्याने फुटबॉल वाढविला, त्या गोव्याला तरी तो सोपा वाटू नये.

धेंपो क्लबचे उदाहरण गोमंतकीयांस नव्याने सांगावयास नको. 2000 साली आर्मांदो कुलासो यांनी या संघाची सूत्रे हाती घेतली. 2004-05 व 2006-07 ची राष्ट्रीय लीग आणि 2007-08, 2009-10 व 2011-12 ची आय-लीग अशी पाच राष्ट्रीय विजेतेपदे त्यांच्या कारकिर्दीत संघाने मिळविली. 2013 मध्ये हे नाते संपले आणि ऑस्ट्रेलियाचे आर्थर पापास प्रशिक्षक झाले. पुढे 2014-15 च्या मोसमाअखेर तोच संघ खालच्या श्रेणीत गेला. एका माणसाच्या जाण्यानेच हे घडले असे म्हणणे भाबडेपणाचे ठरेल. खेळाडू बदलतात, स्पर्धाही बदलतात. परंतु तेरा वर्षांत एका माणसाजवळ साठलेली संघाची जाण नव्या माणसाच्या हाती किल्ल्यांच्या जुडग्याप्रमाणे सोपविता येत नाही, हे विसरून चालणार नाही.

इंग्लंडमधील बर्नलीची हकीकत याहून कठोर आहे. शॉन डाइच यांनी 2012 पासून या लहानशा गावाच्या संघाला दोनदा वरच्या श्रेणीत नेले आणि 2018 मध्ये तेथे सातवे स्थान मिळवून दिले. पुढे क्लबची मालकी एका अमेरिकन गुंतवणूक कंपनीकडे गेली. त्या मालकांनी 15 एप्रिल 2022 रोजी, केवळ आठ सामने उरले असताना, डाइच यांना काढून टाकले. आरंभी काही विजय मिळाले, तरी अखेरच्या दिवशी संघाची घसरण झालीच. दुसऱ्या वर्षी व्हिन्सेंट कोंपनी यांच्या हाताखाली तोच संघ 101 गुण मिळवून वर आला, हेही प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. तात्पर्य, बदल चूक की बरोबर याचा निवाडा गुणतक्ता देत नाही. तो कधी, कसा आणि कोणाला विश्वासात घेऊन केला, हा खरा प्रश्न आहे.

आणि हा प्रश्न मैदानापुरता नाही. मराठ्यांच्या इतिहासाने तो फार मोठी किंमत देऊन पाहिला आहे. ग्वाल्हेरच्या लष्कर भागात कंपू नावाची वस्ती आहे. ज्या शब्दावरून ती ओळखली जाते, तो शिंद्यांच्या कवायती पलटणींचा. महादजींनी 1784 मध्ये द बॉयन या परदेशी सेनानीस चाकरीत घेतले, त्याच्यावर भार टाकला आणि त्यानेही तो पेलला. महादजींच्या पश्चात तो गेला, पेराँ आला. 1803 मध्ये इंग्रजांशी युद्ध पेटलेले असताना दौलतरावांनी पेराँच्या जागी अंबाजी इंगळ्यांना नेमले, आणि पेराँ सरळ इंग्रजांच्या आश्रयास गेला. त्याच्यावर अविश्वास दाखविण्यास कारणे होती. पण जी कारणे शांततेच्या काळात दिसावयास हवी होती, ती रणांगणावर दिसली. सेनापती गेला तेव्हा त्याची जागा घेणारा तयार नव्हता.

मालकाचा अधिकार आम्ही नाकारीत नाही. जुना माणूस म्हणून तो कायमचा, असाही आमचा आग्रह नाही. दीर्घ सेवा हे अकार्यक्षमतेचे कवच होऊ नये. परंतु गांधीजींनी धनवंतांस विश्वस्त व्हावयास सांगितले, ते केवळ गिरण्यांपुरते नव्हते. क्लबचा पैसा मालकाचा असेल. पावसात भिजत उभ्या राहिलेल्या प्रेक्षकांची निष्ठा त्याने विकत घेतलेली नसते. जर्मनीत बहुतेक क्लबांच्या मतांचे बहुमत सभासदांच्या हाती राहील असा नियम आहे. तेवढे येथे लगेच होणार नाही. पण मोसम संपल्यावर निर्णय घेणे, त्याची कारणे उघडपणे सांगणे, वारस आधीच घडविणे आणि जाणाऱ्यास सन्मानाने निरोप देणे, यांस कोणत्या कायद्याची गरज आहे?

2023-24 मध्ये धेंपो संघ पुन्हा आय-लीगसाठी पात्र ठरला, तो समीर नाईक यांच्या मार्गदर्शनाखाली. कुलासो यांच्याच संघात ते वर्षानुवर्षे खेळले होते. माणूस गेला तरी त्याने पेरलेले उगवते, याचे याहून चांगले प्रमाण कोणते? ते उगवेपर्यंत शेत राखणे, एवढेच मालकाचे काम. ज्यास ते जमते, त्याच्या हाती क्लब सुरक्षित राहतो.