मुलगा मोटार शिकतो, विम्याचे काय?

घरात मोटार आली, की मुलगा किंवा मुलगी म्हणते, "बाबा, मलाही चालवायला शिकवा." शिकवावेच. पण बापाच्या मनात शंका येते. "शिकाऊ पोराच्या हाती गाडी दिली, तर विम्याचा हप्ता वाढेल काय?" शंका रास्त आहे. आज आपण ती समजून घेऊ.

मोटारीच्या विम्याचे दोन भाग असतात.

पहिला भाग दुसऱ्याच्या नुकसानीचा. आपल्या गाडीची धडक बसून रस्त्यावरचा माणूस जखमी झाला, तर त्याला यातून भरपाई मिळते. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याने हा विमा सक्तीचा आहे. त्याचा दर सरकार ठरवते. २०२२ साली ठरलेला दर असा होता: खाजगी मोटारीचे इंजिन १००० सीसीपर्यंत असेल, तर वर्षाला २,०९४ रुपये. त्यापुढे १५०० सीसीपर्यंत ३,४१६ रुपये. कर निराळा. हा दर इंजिनाच्या आकारावर आहे. गाडी कोण चालवतो, यावर नाही.

दुसरा भाग आपल्या स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा. तो घ्यायचा की नाही, हे आपल्या मर्जीवर आहे.

म्हणजे मुलगा शिकू लागला, एवढ्याने सक्तीच्या विम्याचा हप्ता वाढत नाही. खाजगी मोटारीच्या नेहमीच्या विम्यात कच्चे लायसन असलेल्या माणसालाही गाडी चालवता येते. मात्र त्याने नियम पाळले पाहिजेत. ते नियम असे:

१. वय १८ वर्षे पुरे हवे. कच्चे लायसन काढलेले हवे. ते सहा महिने चालते. मुदत संपली का, हे पाहावे.

२. शेजारी पक्के लायसन असलेला माणूस बसलेला हवा. वेळ आली तर त्याला गाडी आवरता आली पाहिजे.

३. गाडीच्या पुढे आणि मागे पांढऱ्या पाटीवर तांबडे 'एल' अक्षर हवे.

मालाने भरलेला टेम्पो शिकाऊ माणसाच्या हाती देऊ नये. तिथे विम्याची अट वेगळी असते.

मग खर्च वाढतो तो कुठे? भरपाई मागितली की वाढतो. वर्षभर भरपाई मागितली नाही, तर पुढच्या वर्षी दुसऱ्या भागाच्या हप्त्यात २० टक्के सूट मिळते. तिला 'नो क्लेम बोनस' म्हणतात. पाच वर्षे मागितली नाही, तर सूट ५० टक्के होते. एकदा मागितली, की सूट जाते. पुन्हा पहिल्यापासून सुरुवात.

समजा, दुसऱ्या भागाचा हप्ता ६,००० रुपये आहे. सूट ५० टक्के, म्हणून आपण ३,००० भरतो. शिकताना मुलाने गाडी गोठ्याच्या भिंतीला घासली. दुरुस्तीला ४,००० लागले. १५०० सीसीपर्यंतच्या मोटारीला त्यातले पहिले १,००० मालकानेच सोसायचे असतात. कंपनी फार तर ३,००० देईल. पण पुढच्या वर्षी हप्त्यात ३,००० जास्त जातील. मग मिळवले काय? म्हणून लहान दुरुस्ती पदरचे पैसे घालून करावी. विमा मोठ्या संकटासाठी राखावा.

खरा धोका याहून मोठा आहे. लायसन नसताना पोराला "जा, शेतापर्यंत घेऊन जा" असे म्हटले आणि वाटेत कुणाला धडक बसली, तर काय होते? न्यायालय कंपनीला जखमी माणसाचे पैसे द्यायला लावू शकते. पण तेच पैसे मालकाकडून वसूल करायची मुभाही कंपनीला देऊ शकते. हप्ता वेळेवर भरला होता, तरी मग जमीन विकायची पाळी येऊ शकते. उलट कच्चे लायसन हेही लायसनच आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने २००४ साली सांगितले आहे. तेवढ्या कारणावरून कंपनीला जखमी माणसाची भरपाई नाकारता येत नाही.

लहान पोरांच्या बाबतीत कायदा आणखी कडक आहे. २०१९ च्या दुरुस्तीप्रमाणे विनालायसन अल्पवयीन मुलाने गाडी चालवून गुन्हा केला, तर पालकाला किंवा मालकाला तीन वर्षांपर्यंत कैद आणि २५,००० रुपये दंड होऊ शकतो.

तेव्हा मुलांना जरूर शिकवा. आधी लायसन काढा, पाटी लावा, शेजारी बसा. आणि विम्याचा कागद एकदा स्वतः वाचा. आता तुम्हाला वाचता येते!