गाडीखाली लाल तेलाचे थेंब? एवढासा पाइप अख्खा गिअरबॉक्स कसा घालवतो

अमेरिकेत शेव्हरोले सिल्व्हराडो किंवा फोर्ड एफ-१५० सारख्या जुन्या पिकअप गाड्या लोक अजूनही रोज चालवतात. या गाड्यांमध्ये एक दुखणं हमखास आढळतं. गाडी उभी केली, की खाली लाल तेलाचे थेंब दिसतात. बऱ्याचदा ते ट्रान्समिशन कूलर लाइनमधून येतात.

ही लाइन करते काय?

या पिकअप बहुतेक ऑटोमॅटिक असतात. ऑटोमॅटिक गिअरबॉक्समधलं तेल चालताना खूप तापतं. ते थंड करण्यासाठी दोन पाइप असतात. एक गरम तेल पुढे रेडिएटरमधल्या कूलरकडे नेतो, दुसरा थंड तेल परत आणतो.

हे तेल फक्त वंगण नसतं. त्याच्याच दाबावर आतले क्लच आवळले जातात आणि गिअर पडतात. तेल कमी झालं, की पंप हवा ओढतो, दाब पडतो, क्लच घसरतात आणि जळतात. म्हणून गिअर उशिरा पडणं, इंजिन ओरडतंय पण गाडी पळत नाही, जळका वास ही धोक्याची लक्षणं. पाइपचा खर्च त्यामानाने किरकोळ, गिअरबॉक्सचा मात्र हजारो डॉलर्सचा!

गळती का होते?

मिशिगन, ओहायोसारख्या राज्यांत हिवाळ्यात बर्फ वितळवायला रस्त्यावर मीठ टाकतात. त्याने स्टीलचे पाइप गंजतात. पाइपला जिथे रबरी नळी जोडलेली असते, तो सांधाही जुना झाला की पाझरतो.

आधी गळती शोधा

गाडी धावताना वाऱ्याने तेल मागे उडतं. त्यामुळे थेंब पडतो तिथेच गळती असेल असं नाही. पाइप स्वच्छ पुसून, इंजिन थोडा वेळ चालू ठेवून, ओल पहिल्यांदा कुठे दिसते ते बघतात. काही गाड्यांत पॉवर स्टीअरिंगचं तेलही लाल असतं, हेही लक्षात ठेवायला हवं.

पाइप बदलतात कसा?

१. गाडी थंड होऊ द्यायची, चाकांना अडसर लावायचा. गाडी नुसत्या जॅकवर कधीच ठेवायची नाही, जॅक स्टँड हवेतच.

२. खाली भांडं ठेवून पाइप सोडवायचा. गंजलेला नट साध्या पान्याने झिजतो, त्यामुळे फ्लेअर नटचा पाना लागतो. रेडिएटरकडची फिटिंग दुसऱ्या पान्याने धरून ठेवायची, नाहीतर रेडिएटरच फुटतो.

३. सिल्व्हराडोसारख्या गाड्यांत तारेच्या क्लिपची जोडणी असते. नव्या पाइपबरोबर क्लिपही नवी घालायची. पाइप आत बसताना ‘टक्’ आवाज आला पाहिजे.

४. गाडीच्या पुस्तकात सांगितलेलंच तेल भरायचं. सिल्व्हराडोच्या जुन्या गिअरबॉक्सला डेक्सरॉन-३ लागायचं, आता त्याच्या जागी डेक्सरॉन-६ चालतं.

५. गाडी सपाट जागी उभी करून, ब्रेक दाबून सगळे गिअर एकदा फिरवायचे. मग पार्कमध्ये, इंजिन चालू आणि तेल गरम असताना डिपस्टिक बघायची. शेवटी प्रत्येक सांधा पुन्हा तपासायचा.

पेट्रोलची रबरी नळी आणि दोन क्लॅम्प लावून जुगाड करणारेही असतात. पण ती नळी या तेलासाठी आणि उष्णतेसाठी बनलेली नसते. सरळ कापलेल्या पाइपवरून ती निसटते आणि गरम सायलेन्सरवर तेल उडालं तर आग लागू शकते.

फक्त पाइप बदलून भागणार नाही, ते कधी?

तेल काळं आणि जळकट असेल, तर क्लच आधीच गेलेले असू शकतात. तेल गुलाबी दुधासारखं दिसलं, तर रेडिएटरच्या आत पाणी आणि तेल एकत्र झालंय. अशा वेळी गाडी चालवायची नाही, टो करून न्यायची.

भारतातल्या बहुतेक पिकअप मॅन्युअल असल्याने त्यांना ही लाइन नसते. एएमटी गाडीतही आतला गिअरबॉक्स मॅन्युअलच असतो. पण टॉर्क कन्व्हर्टरवाली ऑटोमॅटिक गाडी असेल, तर तिच्यातही तेल थंड करायची सोय असते. त्यामुळे पार्किंगमध्ये लाल डाग दिसला, तर ‘बघू पुढच्या सर्व्हिसिंगला’ म्हणू नका.