रायगडाहून निघालेली पत्रे

एका बाजूला रायगड, दुसऱ्या बाजूला प्रतापगडाकडे चढणारे घाट आणि मधून बाणकोटच्या खाडीकडे जाणारी सावित्री, असा महाड-पोलादपूरचा प्रदेश सतराव्या शतकाच्या उत्तरार्धात मराठी राज्यकारभाराचे केंद्र होता. तरीही त्या कारभारातील पत्रे पाहू इच्छिणाऱ्या अभ्यासकाला महाडपेक्षा पुणे, मुंबई, राजस्थान आणि लंडन येथेच अधिक काळ घालवावा लागतो. रायगडावरील मूळ दफ्तर, म्हणजे राजधानीतील कागदपत्रांचा संग्रह, आज उपलब्ध नाही. १६८९ मध्ये गड मोगलांच्या हाती गेला आणि १८१८ च्या मे महिन्यात इंग्रजांच्या तोफमाऱ्याने लागलेल्या आगीत वरील इमारती जळाल्या. जे कागद वाचले, ते प्रामुख्याने तोवर गड उतरून गेलेले होते.

यामागचे कारण साधे आहे. पत्र लिहिणाऱ्याकडे राहत नाही, ज्याला लिहिले त्याच्याकडे राहते, आणि त्याच्या घराण्याला त्याचा पुढे उपयोग असेल तरच टिकते. अफझलखानाला सामील व्हावे असे फर्मावणारे १६ जून १६५९ चे आदिलशाही फर्मान कान्होजी जेधे यांच्या नावे निघाले, आणि कान्होजी शिवाजी महाराजांच्या बाजूने उभे राहिले, तरी ते फर्मान आज ज्ञात आहे. वतनाच्या सनदा तर घराण्यांनी पिढ्यान्‌पिढ्या जपल्या, कारण जमिनीवरचा हक्क त्यांच्यावर अवलंबून होता. ख्यालीखुशालीच्या खासगी पत्रांना असे संरक्षण लाभले नाही.

या पत्रांची भाषा मराठी असली तरी लिपी मोडी, म्हणजे हात न उचलता जलद लिहिण्याची वळणदार लिपी आहे. कालगणना पुष्कळदा शुहूर सनाची असून आकडे अरबी शब्दांत येतात. त्या सनात ५९९ किंवा ६०० मिळवले की इसवी सन निघतो. मिती देताना ‘छ’ हे अक्षर, जे चंद्र या शब्दाचे संक्षिप्त रूप आहे, आणि पुढे मुसलमानी महिना असतो, तर १६७४ च्या राज्याभिषेकानंतर राज्याभिषेक शकही लिहिला जाऊ लागला. महाराजांच्या पत्रावर सहीऐवजी मुद्रा असे आणि शेवटी ‘मर्यादेयं विराजते’ हे मोर्तब, म्हणजे समाप्तीचा शिक्का. मजकूर तेथे संपला हे त्यामुळे निश्चित होई आणि खाली कोणी लबाडीने ओळ वाढवू शकत नसे.

शिक्क्यांइतकाच मजकूरही बोलका आहे. चिपळूणजवळील दळवटणे येथे छावणी असलेल्या जुमलेदारांना, म्हणजे घोडदळाच्या अधिकाऱ्यांना, राज्याभिषेकाच्या सुमारास गेलेल्या पत्रात पावसाळ्याची वैरण आधीच उधळू नये, रयतेकडून काही ओरबाडू नये, इतकेच नव्हे तर उंदराने दिव्याची पेटती वात ओढून नेल्यास गवताच्या गंजी जळतील, इथवर बजावले आहे. राजधानीतील कारभाराची नजर कुठवर पोहोचत होती हे समजण्यास बखरीपेक्षा, म्हणजे पुष्कळदा घटनेनंतर बऱ्याच काळाने रचलेल्या गद्य इतिहासापेक्षा, असे एक पत्र अधिक उपयोगी पडते.

परक्यांच्या दफ्तरांतही हा प्रदेश सापडतो. राज्याभिषेकापूर्वी नारायण शेणवी या दुभाष्याने रायगडाहून इंग्रजांच्या मुंबईकरांना वृत्तांत कळवला आणि त्यानंतर इंग्रजांचा वकील हेन्री ऑक्झिंडेन स्वतः तहासाठी गडावर आला. हे लेखन इंग्रज कंपनीच्या वखारींच्या कागदांत राहिले. ‘शिवभारत’ रचणाऱ्या कवींद्र परमानंदाची समाधी पोलादपुरास आहे, पण १६६६ च्या आग्रा प्रकरणातील त्याचा उल्लेख परकालदास या आंबेर दरबाराच्या माणसाने राजस्थानी भाषेत पाठवलेल्या पत्रांत वाचावा लागतो.

पेशवाईत महाड पुन्हा पत्रव्यवहाराच्या मध्यावर आले. १७९६ मध्ये नाना फडणवीस येथे होते आणि निजामाशी करार येथूनच जुळला. २५ ऑक्टोबर १८०२ रोजी हडपसरच्या लढाईत यशवंतराव होळकरांकडून पराभव झाल्यावर दुसरा बाजीराव महाडला आला आणि येथून त्याने जहाजांसाठी मुंबईकर इंग्रजांकडे विनंती केली; ३१ डिसेंबरला वसईचा तह झाला.

पेशव्यांचे कागद १८१८ नंतर इंग्रजांनी पुण्यात एकत्र केले आणि पुढे इनामांची चौकशी करणाऱ्या इनाम कमिशनमुळे त्यांत भर पडली. इंग्रजांचा हेतू इतिहासाचा नव्हे, महसुलाचा होता. परंतु त्या हिशेबी वृत्तीनेच तीस हजारांहून अधिक रुमाल, म्हणजे फडक्यात बांधलेली कागदांची गाठोडी, शाबूत राहिली. गो. स. सरदेसाई यांनी १९३० ते १९३४ या काळात त्यांतून ४५ खंड प्रसिद्ध केले, पण राजकारणाच्या पत्रांना त्यांत साहजिकच अग्रस्थान मिळाले. गरम पाण्याच्या झऱ्यांसाठी ओळखल्या जाणाऱ्या, सावित्रीकाठच्या सवसारख्या गावाचा भूतकाळ शोधायचा तर छापील खंडांपेक्षा गावझाडे, म्हणजे गावाची जमीन व वसुली यांची टिपणे, आणि जमाखर्च चाळणे भाग आहे. हे काम कंटाळवाणे असल्यामुळेच मागे राहिले, असे म्हणण्यास हरकत नाही.

भांडणामुळे कागद टिकतो, याचे अलीकडचे उदाहरणही महाडचेच आहे. चवदार तळे सर्वांस खुले असल्याचा नगरपालिकेचा १९२४ चा ठराव, मार्च १९२७ च्या सत्याग्रहानंतर त्याच वर्षी ४ ऑगस्टला तो रद्द करणारा ठराव आणि १९३७ मध्ये मुंबई उच्च न्यायालयात संपलेला दावा, यांमुळे एका तळ्याविषयीचा सरकारी पत्रव्यवहार नोंदीत आला.

घराघरांत उरलेल्या सनदांना व पत्रांना येथे सर्वांत मोठा धोका पाण्याचा आहे. जुलै २०२१ च्या पुरात महाड शहर बुडाले होते. जुनी शाई काजळी व डिंक यांची असल्याने उजेडाने फिकी पडत नाही, मात्र पाण्याने सहज सुटते. म्हणून भिजलेली पत्रे उन्हात न घालता सावलीत, टीपकागद बदलत वाळवावी लागतात, आणि चिकटलेली पाने ओढून सोडवली तर एका पत्राचा मजकूर दुसऱ्यावर उतरून दोन्ही वाचता येत नाहीत.