गव्हाच्या मुलखातील लाकडी मनोरे

कॅनडाच्या सपाट गवताळ प्रदेशात गावाआधी त्याचे धान्य-कोठार दिसे. रेल्वेमार्गावर दर दहा-पंधरा किलोमीटरला असा उंच लाकडी मनोरा असे. घोडागाडीने गहू घालून शेतकऱ्याला त्याच दिवशी परतता यावे, हा हिशेब. पट्ट्यावरच्या बादल्या धान्य वरच्या कप्प्यांत नेत. तेथून नळीने ते वाघिणीत उतरे.

वजन आणि प्रत मात्र कोठारवाला व्यापारी ठरवी. शेवटी शेतकऱ्यांनी १९२३-२४ मध्ये सहकारी गहू-संघ काढले आणि स्वतःची कोठारे उभारली. १९३३ च्या सुमारास तेथे एकूण साडेपाच हजारांवर कोठारे होती.

पुढे मालमोटारी आल्या, रेल्वेचे फाटे बंद पडले, बहुतेक मनोरे पाडले गेले. मॅनिटोबातील इंग्लिस गावी पाच मनोऱ्यांची रांग जपली आहे. माल आपला, तर काटाही आपला हवा, हेच ती सांगते.